बिल्ला, दिवा आणि प्रोत्साहन

जुन्या घरातला खिळ्यामोळ्यांचा डबा उपडा केला, की क्वचित त्यातून एक लहानसा पत्र्याचा बिल्ला निघतो. त्यावर नगरपालिकेचे नाव, वर्ष आणि क्रमांक. सायकलचा कर भरल्याची ती खूण होय. दरवर्षी तो नवा घ्यायचा आणि सायकलला लावायचा. बिल्ला नसला की पालिकेचा माणूस चौकात अडवी. दिवेलागणीनंतर दिवा नसला, किंवा मागे कॅरिअरवर दोस्त बसवला असला, की पोलीस अडवी. डबलसीट पकडले जाण्याच्या भीतीने पोलिसाच्या अलीकडे उतरून पलीकडे पुन्हा चढणारी माणसे पुण्यातल्या एका पिढीने रोज पाहिली आहेत. त्यांत आम्हीही होतो.

या बिल्ल्याची आठवण होण्यास कारण असे की, अलीकडे कामावर सायकलने जाण्यास लोकांना 'प्रोत्साहन' द्यावे असे वारंवार ऐकू येते. हेतूविषयी शंका नाही. प्रश्न इतिहासाचा आहे. जेव्हा पुण्याची ओळखच सायकलींचे शहर अशी होती, तेव्हा सायकल चालवा असे कोणीही कोणास सांगितले नव्हते. सांगितले असेलच तर कर भरा, दिवा लावा, डबलसीट बसू नका, एवढेच. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने वाहनांवर आणि ओझ्याच्या जनावरांवर कर बसविण्याचा अधिकार पालिकांना दिला. त्या कायद्याच्या नजरेत सायकल ही कौतुकाची वस्तू नव्हती, बैलगाडीच्या शेजारची एक करपात्र बाब होती. आणि तरीही लोक तिच्यावर बसत होते.

का बसत होते याचे उत्तर शहराच्या ठेवणीत होते. पेठांतून छावणीत, कॉलेजांत किंवा कचेरीत जायचे अंतर चार-पाच किलोमीटरांचे. चढ बेताचे, हवा सोसण्याजोगी. खडकीचा दारूगोळा कारखाना एकोणिसाव्या शतकापासूनचा. त्याचा भोंगा वाजण्याच्या सुमारास रस्त्यावर सायकलींची जी रांग लागे, तिच्यात डबा हँडलला अडकवलेला कामगार असे. त्याच रस्त्यांवरून कारकून जात, मास्तर जात, नऊवारीतल्या आणि पुढे पाचवारीतल्या बायका जात. प्राध्यापकाने धोतराला क्लिप लावून सायकलवरून वर्गावर येण्यात कोणाला साधेपणा दिसत नसे. कारण वेगळे काही दिसण्याजोगे त्यात नव्हते. सायकल ही प्रतिष्ठेची खूण नव्हती, तशी गरिबीचीही नव्हती. आमच्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि तीच आपण गमावली.

भाषेच्या अभ्यासकांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. सायकलसाठी आपल्याकडे 'पायगाडी' हा शब्द निघाला. तो कोशातच राहिला. 'दुचाकी' मात्र रुळला, आणि पुष्कळ काळ त्याचा अर्थ सायकल असाच होता. आज वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार जखमी' असे वाचले, तर कोणाच्याही डोळ्यांपुढे सायकल येत नाही. तो शब्द मोटारसायकलीने आणि स्कूटरने घेतला. सायकलवाल्याचा उल्लेख करायचा तर आता वेगळे 'सायकलस्वार' म्हणावे लागते, म्हणजे जे सर्वसाधारण होते ते विशेष ठरले. 'टांग मारणे', 'दांडीवर बसवणे', उंची पुरत नाही म्हणून दांडीखालून पाय घालून 'कैची मारणे' हे प्रयोग अजून समजतात. पण वर्गात विचारून पाहिले तर कैचीचा अर्थ बहुधा शेवटच्या बाकावरचा, खेड्यातून आलेला एखादाच विद्यार्थी सांगतो.

हा पालट एका रात्रीत झाला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतली माणसे लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली आणि शहर पेठांच्या कडा ओलांडून पसरू लागले. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतीच. तिच्या आसपास आणि पलीकडे चिंचवड-आकुर्डीपर्यंत कारखाने उभे राहिले. घर आणि काम यांतले अंतर पंधरा-वीस किलोमीटरांवर गेले. आणि गंमत (तिला गंमत म्हणवत नाही) अशी की, त्या कारखान्यांतलाच एक स्कूटर करीत होता. १९७२ साली बजाजची चेतक आली. त्याच वर्षी पुण्याच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. लूनाला पायडल होते. पेट्रोल संपले की ती सायकलसारखी मारता येई. जणू सायकलवाल्याची समजूत काढत काढत तिने त्याला पलीकडे नेले. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मध्यमवर्गाला तिच्याकडे जाण्यास कोणाच्याही प्रोत्साहनाची गरज पडली नाही.

तेच १९७२ साल नेदरलँड्समध्ये वेगळ्या कारणाने लक्षात राहिले. तो देश सायकलींचा हे आपण गृहीत धरतो, पण महायुद्धानंतरच्या दोन दशकांत तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली भराभर कमी झाल्या. १९७१ मध्ये तिथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी त्यांतली एक. त्याने पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळाच 'बालहत्या थांबवा' असा होता, आणि त्या नावाची चळवळ उभी राहिली. नोव्हेंबर १९७३ पासून तेलाच्या टंचाईमुळे सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या. लोकांना आपल्या गावांचे मोकळे रस्ते दिसले. पुढे हेगमध्ये आणि टिलबर्गमध्ये सायकलींचे स्वतंत्र मार्ग झाले, डेल्फ्टमध्ये अख्खे जाळे झाले, आणि वस्त्यांतल्या गल्ल्यांत मोटारीने माणसाच्या चालीने जावे असा कायदा १९७६ मध्ये आला. या साऱ्यात 'सायकल चालवा' हे वाक्य जवळजवळ नाही. मागणी होती ती मोटारीला आवरा, ही. लोक सायकलवर परतले ते रस्ता परत मिळाल्यावर.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ते वाहनांसाठी नव्हेत तर माणसांसाठी, हे तत्त्व मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा जलद बसमार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. त्या मार्गांवरून जो गेला आहे त्याला वर्णन नको: मध्येच झाड, मध्येच विजेचा डबा, मध्येच चेंबरचे उघडे झाकण, आणि उरलेल्या जागेत त्याच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या 'दुचाक्या' उभ्या. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या. त्या काही वर्षांत गेल्या. मोटारीला आवरण्याचा विषय मात्र प्रत्येक वेळी पुढच्या बैठकीवर राहिला.

पण याहूनही आम्हांस टोचते ते दुसरेच. २०११ च्या जनगणनेत लोकांना, कामावर कशाने जाता, हे विचारले गेले. शेतीबाहेरच्या कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. म्हणजे देशभरात अडीच कोटींहून अधिक. ही माणसे रविवारच्या सायकल फेरीत नसतात. गवंड्याच्या हाताखालचा माणूस, रात्रपाळीचा रखवालदार, पेपर टाकणारा मुलगा. त्यांना प्रोत्साहन कशाचे देणार? पुलांवर त्यांना जागा नाही, मोठ्या चौकांत ते भिंतीच्या कडेने सायकल हातात धरून जातात. आणि पगार थोडा वाढला, की तेही हप्त्यावर मोटारसायकल घेतात. आम्ही त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा आम्हीही सायकल विकली. विकत घेणारा कॉलेजच्याच आवारातला माळी होता.

त्या आवारातला सायकल स्टँड पुढे पाडला आणि तिथे मोटारी लावण्यासाठी पांढऱ्या रेघा मारल्या. माळी सायकल मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवी. तिचा पुढचा दिवा आम्ही विकण्यापूर्वीच बंद पडलेला होता. त्याने तो कधी बदललेला आम्ही पाहिला नाही, आणि अंधारातून तो घरी कसा जातो हेही कधी विचारले नाही.