तीन मिनिटांत न मावलेला आवाज

भोईवाड्यातल्या माझ्या खोलीत जुन्या तबकड्यांची चळत आहे, बहुतेक चोरबाजारातल्या. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपलं की ती स्वतःचं नाव सांगे, कारण तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला बनत. तिथल्या कारागिराला गायिका कळायला हवी ना! लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. ख्याल आखडला, लावणी मावली. पण रात्र जागवणारा पोवाडा? बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, यांचं नाव झालं ते मैदानांवर, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. १९६९ मध्ये ते गेले, माझ्या जन्माआधी. गिरणीतून आलेले वडील त्यांच्या सभांबद्दल बोलत, तेव्हा जेवण निवून जाई. माझ्या चळतीत तो आवाज नाही. शुक्रवारी बाजारात अजून विचारतो.