कामाच्या जागी शस्त्र बाळगणे (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेऊन कामावर यावे की नाही, हे अमेरिकेत मुख्यतः मालक ठरवतो. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी मालकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात घरात आणि २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. पण दुकानाच्या किंवा कारखान्याच्या मालकाने घातलेली बंदी त्यामुळे उठली नाही. बहुतेक राज्यांत कारण न देताही नोकरीवरून काढता येते. त्यामुळे रीतसर परवाना असलेला कामगारही हा नियम मोडला तर काम गमावतो.

मालकाच्या या अधिकाराला पहिली मोठी आडकाठी आली ती वाहनतळावर. ओक्लाहोमातील व्हॅलियंट येथील कागद कारखान्यात २००२ मध्ये कामगारांच्या गाड्यांची झडती झाली आणि बंदुका सापडलेल्यांना काढून टाकण्यात आले. त्यातून उसळलेल्या संतापामुळे राज्याने २००४ मध्ये कायदा केला : कुलूपबंद गाडीतील शस्त्राला मालकाने मनाई करू नये. कंपन्या न्यायालयात गेल्या, पण २००९ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला. फ्लॉरिडाने २००८ मध्ये व टेक्ससने २०११ मध्ये असेच कायदे केले. या कायद्यांचा गाजावाजा मोठा झाला, तरी रात्री दोन वाजता गल्ल्यावर एकट्या बसलेल्या माणसाच्या हाती त्यांतून काहीच पडत नाही. आणि खरा धोका तर त्यालाच आहे. १९९४ मध्ये त्या देशात कामावर असताना १,०८० जणांचे खून झाले. त्यांतील बहुतेक दरोड्यांत आणि बंदुकीने झाले. दुकानांतील नोकर व टॅक्सीचालक यांना विशेष झळ पोचली.

मग त्याला पिस्तूल बाळगू द्यावे का? उपलब्ध पुरावा याच्या विरोधात जातो. नॉर्थ कॅरोलायनातील खुनांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व शस्त्रांना बंदी असलेल्या जागांच्या तुलनेत, बंदुकीला मुभा असलेल्या जागी खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. मुळात धोक्याच्या जागीच मालक बंदूक बाळगू देत असतील, हा आक्षेप रास्त आहे. मात्र इतर धोक्यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकला. एका अभ्यासाने प्रश्न निकालात निघत नाही, पण उलट बाजूच्या दाव्याला, म्हणजे सशस्त्र नोकर अधिक सुरक्षित असतो याला, एवढाही आधार नाही. दरोडेखोराचे शस्त्र आधीच रोखलेले असते, आणि गल्ल्याखालचे पिस्तूल काढायला लागणारे क्षण नोकराच्या जिवावर बेततात.

म्हणून बंदी योग्यच आहे. पण तेवढ्याने मालकाचे काम संपत नाही. ज्याने नोकराचे हात बांधले, त्याने त्याच्या रक्षणाचा भार उचललाच पाहिजे. न्यायालयांनी याचा थोडा भाग मान्य केला आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आणि वॉलमार्टच्या बडतर्फ नोकरांच्या खटल्यात यूटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, स्वसंरक्षणाचा हक्क मालकाच्या नियमापुढेही उभा राहू शकतो असे ठरवले. यूटात मात्र गंभीर इजेचा धोका अगदी समोर असावा आणि माघार घ्यायला वाट नसावी, अशी अट आहे. हे संरक्षण हल्ल्यानंतरचे झाले. हल्ला टाळण्याची वाट फ्लॉरिडातील गेन्सव्हिल शहराने १९८७ मध्ये दाखवली : रात्री उघड्या राहणाऱ्या छोट्या दुकानांत दोन नोकर सक्तीचे केले. पुढे फ्लॉरिडाने १९९२ मध्ये राज्यभर कॅमेरे, पुरेसा उजेड आणि रोकड आत टाकायची तिजोरी आवश्यक केली. गंभीर गुन्हा घडलेल्या दुकानाला रात्री ११ ते पहाटे ५ दुसरा नोकर, पहारेकरी किंवा गोळीरोधक काचेची खोली यांसारखी जादा व्यवस्था करावी लागते. दुसऱ्या नोकराचा पगार छोट्या दुकानदाराला परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण तो खर्च वाचवला तर धोका नाहीसा होत नाही, तो सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर जातो. रात्रीच्या दुकानांसाठी संघराज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने १९९८ मध्ये दिलेल्या शिफारशी ऐच्छिकच आहेत. कॅलिफोर्नियाने मात्र १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना हिंसा प्रतिबंधाची लेखी योजना आणि नोकरांचे प्रशिक्षण बंधनकारक केले आहे.