काविळीची माळ आणि तीस वर्षांचे अंतर

कावीळ झाली की गळ्यात माळ बांधायची, तेल-तूप वर्ज्य करायचे आणि उसाचा रस द्यायचा, ही रीत आम्ही घरोघरी पाहिली आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेस मिळते. ‘हिपॅटायटिस बी’ची गोष्ट वेगळी. तो रक्तावाटे, तसाच प्रसूतीच्या वेळी मातेकडून अर्भकाकडे जातो. अर्भकाच्या शरीरात शिरलेला विषाणू बहुतेक वेळा आयुष्यभर मुक्काम करतो. डोळे पिवळे होत नाहीत, म्हणून माळही कोणी बांधीत नाही. आणि कित्येक वर्षांनी सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग समोर उभा राहतो.

या विषाणूचा माग बारूक ब्लुंबर्ग यांना लागला तो वेगळ्याच शोधात. माणसामाणसांतील आनुवंशिक भेद तपासताना १९६३च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. ते या विषाणूचे आवरण होते. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ साली अमेरिकेत पहिल्या लसीस परवाना मिळाला. ती बाधितांच्या रक्तद्रवापासून बनविलेली होती. १९८६ साली यीस्टमध्ये तयार होणारी लस आली.

तैवानने १९८४ साली बाधित मातांच्या नवजातांपासून लसीकरण आरंभिले आणि दोन वर्षांत ते सर्व नवजातांसाठी खुले केले. पुढे तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. लसीने कर्करोग टळतो, याचा हा पहिला मोठा पुरावा होय.

आपल्याकडे परदेशी लस सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली देशी लस बाजारात आणली आणि किमती उतरू लागल्या. तरीही राष्ट्रीय कार्यक्रमात ती २००२-०३ मध्ये काही शहरे व जिल्ह्यांपुरतीच आली. देशभर पोहोचू लागली ती २०११ पासून. म्हणजे लस हाती आल्यावर तीस वर्षांनी! त्या तीस वर्षांत जन्मलेली मुले आज कर्ती झाली आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या शरीरात हा विषाणू नकळत वसला आहे, त्यांना लसीचा उपयोग नाही. रक्ततपासणी आणि वेळेवर उपचार हाच त्यांचा मार्ग.

नवजातासाठी मात्र वाट मोकळी आहे. पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. आपल्याकडे बाळाला नाव बाराव्या दिवशी मिळते. लसीला बारशापर्यंत थांबता येत नाही, एवढे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते.