दैवी सम्राट ते ख्रिस्ताचा सेवक

आरंभीच्या ख्रिस्ती धर्माशी संबंधित रोमन नाणी जमवायची म्हटली की पहिला प्रश्न पडतो तो हा, की ती ओळखायची कशी? पहिली तीनशे वर्षे सम्राटांच्या नाण्यांवर ना क्रूस आहे, ना येशू. दिसतात ते सम्राट आणि रोमन देवदेवता. मग संग्रह सुरू करायचा कुठून?

बहुतेक संग्राहक तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) याच्या देनारियसपासून सुरुवात करतात. (संस्कृतातला 'दीनार' शब्द याच नाण्यावरून आला.) कैसराला कर द्यावा की नाही, असे विचारून येशूला पेचात पकडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याने नाणे मागवून त्यावर कोणाचे चित्र आहे असे उलट विचारले, ही शुभवर्तमानातली कथा अनेकांना ठाऊक असेल. ते नाणे हेच, अशी समजूत आहे. खात्री कोणालाच देता येत नाही, पण या समजुतीपायी त्याची किंमत मात्र चढलेली असते. गंमत म्हणजे ही नाणी दक्षिण भारतात, कोइमतूर परिसरात, मोठ्या संख्येने सापडली आहेत. मिऱ्यांच्या व्यापारातून ती इकडे आली.

या नाण्यावरची अक्षरे नीट वाचावीत. तिबेरियस स्वतःला 'दैवी ऑगस्टसचा पुत्र' म्हणवतो. एकाच देवाला मानणाऱ्या ज्यूंना हे वाचून काय वाटत असेल?

यानंतर पिलातची इ. स. २९ ते ३१ मधली छोटी कांस्य नाणी घ्यावीत. त्यांवर सम्राटाचा चेहरा नाही, पण रोमन पुरोहितांची उपकरणे आहेत. माझ्या मते डायोक्लेशियनचे एखादे नाणेही हवेच. इ. स. ३०३ मध्ये त्याने ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू केला. ज्यांची प्रार्थनास्थळे पाडली, ग्रंथ जाळले, त्यांनाही बाजारहाट याच राजाच्या नाण्यांनी करावा लागत होता. क्रूस नसला म्हणून काय झाले, ही नाणी त्या इतिहासाचा भाग आहेतच.

मग येतो कॉन्स्टन्टाइन. ३१२ ची लढाई आणि ३१३ ची धर्मस्वातंत्र्याची मोकळीक आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, आणि एका रात्रीत सारे बदलले असे आपल्याला वाटते. नाणी तसे सांगत नाहीत. त्यानंतरही काही वर्षे त्याच्या नाण्यांवर 'अजिंक्य सूर्य, सोबती' असे लिहून सूर्यदेव उभा आहे! ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरे गुंफून केलेली खूण दिसते, पण क्वचित आणि लहानशी. ३३७ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर निघालेल्या नाण्यांवर तो रथातून स्वर्गात जातो आहे आणि वरून देवाचा हात खाली आला आहे. पण नावाआधीची पदवी जुनीच, 'दैवी'. धर्म बदलला, पण राजाला मोठे करण्याची भाषा तीच राहिली.

पुढे ती खूण नाण्याची संपूर्ण मागची बाजू व्यापेल एवढी मोठी कोणी कोरली? मॅग्नेन्शियसने. राजाला मारून गादी बळकावणारा हा बंडखोर ३५३ मध्ये पराभूत झाला. त्याच सुमारास त्याने ही नाणी पाडली. श्रद्धा म्हणून की गरज म्हणून, हे वाचकांनीच ठरवावे.

ख्रिस्ताचा चेहरा नाण्याच्या दर्शनी बाजूवर ठळकपणे यायला सातव्या शतकाची अखेर उजाडली. कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या जस्टिनियनने आपल्या सोन्याच्या नाण्यावर ख्रिस्ताला पुढे घेतले, स्वतः मागच्या बाजूला गेला आणि पदवी घेतली 'ख्रिस्ताचा सेवक'. पण हा सेवक प्रजेला इतका जाचक झाला, की ६९५ मध्ये लोकांनी त्याचे नाक कापून त्याला हाकलून दिले.

सोन्याचे नाणे आपल्या आवाक्यातले नव्हे. कॉन्स्टन्टाइनच्या घराण्याची साधी कांस्य नाणी मात्र अजूनही स्वस्तात मिळतात. नव्याने छंद लागलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. खुणेपेक्षा शेजारची अक्षरे आधी वाचावीत, इतकेच माझे सांगणे.