दोन वायरींचं घर

सौर पॅनल बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने छताकडे पाहिलंच नाही. आधी बाथरूममधला हीटर उघडला आणि म्हणाला, "अर्थिंग नाही." वर्षभर आंघोळ करताना बायकोच्या हाताला झिणझिण्या येत होत्या, आणि मी (इंजिनियर ना!) "भास असेल" म्हणत होतो.

आमचं चियांग माईचं घर लाकडी, खांबांवर उभं, भाड्याचं. बँकॉकच्या राजवाड्यात वीज आली १८८४ साली, राजा चुलालाँगकॉर्नच्या काळात. बँकॉकबाहेर ती पोचवणारं प्रांतीय वीज प्राधिकरण स्थापन झालं ते थेट १९६० मध्ये. आमच्यासारख्या जुन्या घरांचं वायरिंग दोन-चार दिवे आणि एक पंखा एवढ्याच हिशोबाचं. फेज, न्यूट्रल, बस्स. त्याच वायरींवर पुढे फ्रिज आला, एसी आला, हीटर आला.

त्यावर मला आता सौरऊर्जा चढवायची होती! घरातली जादा वीज विकली तर २०१९ मध्ये युनिटला १.६८ बाथ ठरले होते, २०२१ मध्ये २.२० झाले. विकत घेताना मात्र जवळजवळ दुप्पट मोजायचे. म्हणजे दिवसाची वीज दिवसाच वापरलेली बरी. शिवाय जुना फिरत्या चकतीचा मीटर पॅनलमुळे उलटा फिरतो, ते परवानगीशिवाय चालत नाही, आणि मीटर घरमालकीणबाईंच्या नावावर.

असो. पॅनल राहिलं. अंगणात तांब्याची सळई ठोकली, तिसरी वायर ओढली, गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवला. संध्याकाळी बायकोने नळाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.