प्रमाणाचा प्रश्न: कुणपजलापासून कढीपत्त्याच्या ताकापर्यंत

मागच्या दोन व्याख्यानांत आपण फार जड विषय घेतले अशी प्रेमळ तक्रार आली आहे. तेव्हा आज बागेत जाऊ. पण तत्त्वज्ञानाचा मास्तर बागेत गेला तरी तिथेही शंकाच काढणार, एवढं आधी सांगून ठेवतो.

सोलापूरला आमच्या घरी मागच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं. आई त्याला आंबट ताक घालायची. उरलेल्या ताकात एक गंजका खिळा टाकून ठेवायचा आणि चार दिवसांनी ते पाणी बुंध्याशी ओतायचं, अशी तिची रीत. ती मूळची कोकणातली. माहेरी कढीपत्त्याला कुणी ताक घालत नसे, हे शेजारणीकडून शिकले असं ती सांगे. आम्ही तेव्हा नुकतीच डॉक्टरेट मिळवली होती. तिला म्हणालो, ‘आई, हा काकतालीय न्याय आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढंच.’ तिने वाद घातला नाही, ताक घालणं बंद केलं. दोन उन्हाळ्यांनी झाड पिवळं पडून गेलं. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, हे आम्हाला कळत होतं. पण आईला तसं सांगायची आमची छाती झाली नाही. आजचा विषय खरं तर तिथूनच सुरू होतो.

मराठीत ‘प्रमाण’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. स्वयंपाकघरात प्रमाण म्हणजे किती: वाटीभर, चिमूटभर. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे कशावरून: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. झाडांच्या घरगुती औषधांचा आपल्याकडचा इतिहास पाहिला, तर ‘किती’ आणि ‘कशावरून’ हे दोन प्रश्न तिथे कधी एकत्र येतात आणि कधी एकमेकांना ओळखही देत नाहीत.

सहाव्या शतकात जाऊ. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेद नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. ज्योतिष, शकुन, वास्तू यांच्या गर्दीत हा अध्याय एखाद्या माळ्याच्या वहीसारखा वाटतो. झाडाचा रोगट भाग शस्त्राने काढून टाका, तिथे वावडिंग, तूप आणि गाळाची माती यांचा लेप द्या, दूध घातलेलं पाणी घाला. फळं धरत नसतील तर कुळीथ, उडीद, मूग, तीळ आणि जव घालून उकळलेलं दूध गार करून घाला. फुला-फळांच्या वाढीसाठी तर चक्क मापासकट कृती दिली आहे: शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांचं चूर्ण दोन आढक, तीळ एक आढक, सातूचं पीठ एक प्रस्थ, पाणी एक द्रोण आणि मांस एक तुळा. हे सगळं सात रात्री मुरवायचं आणि झाडाला घालायचं. चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. म्हणजे इथे ‘किती’चं उत्तर अगदी चोख आहे. मूळ श्लोकातलं हे मांस गायीचं आहे. परंपरेचा अभिमान बाळगायचा असेल तर ती आधी जशी लिहिली आहे तशी वाचावी लागते, म्हणून हे सांगितलं. यावर आज चर्चा नको.

आता साधारण इसवी सन 1000च्या सुमारास येऊ. भीमपाल राजाच्या दरबारी सुरपाल नावाचा वैद्य होता. त्याने वृक्षायुर्वेद हा ग्रंथ लिहिला. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी सिकंदराबादला स्थापन केलेल्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने ते मिळवलं आणि 1996 साली नलिनी साधले यांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. आज ‘कुणपजल’ हा शब्द सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी इतका असतो, त्यात या छोट्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

कुणप म्हणजे प्रेत. प्रेतासारखा वास येतो ते पाणी म्हणजे कुणपजल. नाव ठेवणाराने काहीही लपवलेलं नाही! हरीण, डुक्कर, मासे, मेंढी, बोकड यांचं मांस, चरबी, मज्जा पाण्यात शिजवायची. ते मातीच्या मडक्यात भरून त्यात दूध, तिळाच्या पेंडीची पूड, मधात शिजवलेले उडीद, कडधान्यांचा काढा, तूप आणि ऊन पाणी घालायचं. मडकं पंधरवडाभर उबेला ठेवायचं. आजच्या भाषेत बोलायचं तर प्रथिनं कुजवून त्यांतला नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात आणायचा. कृती शहाणी आहे. पण सुरपाल एक वाक्य घालतो, की यात कोणत्याही जिनसाचं ठरावीक प्रमाण नाही. वराहमिहिराने चारशे-पाचशे वर्षांपूर्वी मोजून दिलं होतं आणि सुरपाल हातच्या अंदाजावर सोडतो.

आम्हाला यात सुरपालाचा निष्काळजीपणा दिसत नाही. ज्याचा हात रोज मडक्यात आहे त्याला आढक-प्रस्थ लागत नाहीत, आईलाही लागत नव्हते. अडचण वेगळी आहे. त्याच ग्रंथात दोहदही येतात. स्त्रीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो, मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते. कुणपजल आणि लत्ताप्रहार शेजारी शेजारी, एकाच आत्मविश्वासाने सांगितलेले! झाडांनाही वात, पित्त आणि कफ असतात असा त्यामागचा सिद्धांत. त्याचा या दोन्हींतल्या कशालाही खरा आधार नाही. मग वाचणाराने निवड कशी करायची? ‘कशावरून’ याचं उत्तर ग्रंथ देत नाही. शब्दप्रमाण आहे, बस.

गंमत अशी, की निवडीचं साधन आपल्याच दर्शनकारांकडे तयार होतं. अन्वय आणि व्यतिरेक: कारण असताना कार्य होतं का, आणि कारण नसताना ते होत नाही का? नैयायिकांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या बुद्धी पाजळली, पण धूर आणि अग्नी यांच्यापलीकडे, परसातल्या दोन वांग्यांपर्यंत ते फारसे आले नाहीत. पंडित मठात आणि माळी मळ्यात. आपल्या ज्ञानपरंपरेतलं हे सर्वांत महाग पडलेलं अंतर आहे, असं आमचं मत आहे. कुणाला ते पटणार नाही, पण आम्ही ते पन्नास वर्षं बाळगून आहोत.

ते अंतर मिटलं की काय होतं, याचं एक उदाहरण फ्रान्समधलं आहे. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रण ठाऊक आहे: एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. याचा जन्म औषध म्हणून झालेलाच नाही. बोर्डोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडत. म्हणून बागवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी मारत. पानं विषारी दिसली की चोर हात लावत नाही. 1882 साली मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथून जात होते. केवडा रोगाने आतल्या ओळींची पानं गळाली होती, रस्त्याकडेच्या वेली मात्र पानांनी भरलेल्या होत्या. एकच जमीन, एकच हवा, एकच वेल. फरक फक्त निळ्या पाण्याचा. अन्वय-व्यतिरेक असा रस्त्यावर मांडून ठेवलेला क्वचित सापडतो. मिलार्दे तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मिश्रणं बदलून प्रयोग केले आणि 1885 साली कृती प्रसिद्ध केली. चोरांसाठीची युक्ती बागवाल्यांची, पण तिचं औषध झालं ते कुणीतरी न फवारलेल्या ओळीकडेही पाहिलं म्हणून.

नेने यांचा उल्लेख वर आला. हे गृहस्थ मुळात वनस्पतिरोगतज्ज्ञ. पंतनगरच्या तराई भागात भाताची पानं काताच्या रंगाची होऊन रोप खुरटायचं, त्याला खैरा म्हणत. 1966 साली नेने यांनी दाखवून दिलं की हा जंतूंचा रोगच नव्हे, मातीत जस्त कमी पडतं आहे. उपाय म्हणजे जस्त सल्फेट आणि भिजवलेला चुना यांची फवारणी. ज्या माणसाने ‘हा रोग नाही, ही उणीव आहे’ हे प्रयोगाने सिद्ध केलं, तोच उतारवयात सुरपालाची पोथी शोधत गेला. 2018 साली ते वारले. परंपरेकडे जावं तर असं, हातात मोजपट्टी घेऊन.

कडुनिंबाच्या खटल्यात या मोजपट्टीची किंमत आपल्याला कळली. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्याने गाळायच्या आणि थोडा साबण घालून फवारायच्या. पाच किलोला शंभर लिटर पाणी, म्हणजे पाच टक्के निंबोळी अर्क. हे आपल्याकडे किती जुनं आहे ते सांगायला नको. तरी 1994 साली युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट दिलं. वंदना शिवा आणि युरोपातल्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली. 2000 साली ते रद्द झालं, 2005 मध्ये कंपनीचं अपील फेटाळलं गेलं. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘हजारो वर्षांच्या परंपरेचा विजय’ असं लिहिलं. आम्हीही एका सभेत तसंच बोललो होतो. नंतर तपशील वाचला तेव्हा वरमलो. 2000 सालच्या निर्णयात वजन पडलं ते पुण्याच्या एका उद्योजकाच्या साक्षीला: 1985 आणि 1986च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडे कडुनिंबाच्या अर्काच्या उघड चाचण्या झाल्या होत्या. साल, जिल्हा, पीक, पाहणारे लोक. हजार वर्षांचं जे काम झालं नाही ते दोन उन्हाळ्यांच्या नोंदींनी केलं.

याच कसोटीवर आपलं जीवामृतही घासून पाहू. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते घरोघरी नेलं, 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. दोन दिवस ढवळायचं आणि एकराला घालायचं. वराहमिहिराची लेंडी, पीठ आणि सात रात्री आठवतात ना? आता हिशेब करा. ताज्या शेणात नत्र अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे दहा किलोत फार तर चाळीस-पन्नास ग्रॅम. दोन किलो बेसनात सत्तर. शेणापेक्षा बेसनात जास्त, हे ऐकून पिठल्याबद्दलचा आदर वाढायला हरकत नाही. गोमूत्राचा शंभरेक ग्रॅम धरला तरी एकूण दोनशेच्या आसपास, आणि एकरभर भात जमिनीतून वीस-तीस किलो नत्र उचलतो. म्हणजे खत म्हणून याचं गणित बसत नाही. समर्थक म्हणतात, हे खत नव्हेच, हे विरजण आहे. त्यातले जीवाणू मातीतलं अन्न मोकळं करतात. उत्तर हुशार आहे आणि ते खरंही असू शकेल. पण मग शेजारी एक पट्टा विरजणाशिवाय ठेवायला हवा, आणि एक पट्टा नुसत्या गूळ-बेसनाचा. भक्त असे पट्टे ठेवत नाहीत, आणि टीकाकार शेतात उतरत नाहीत.

आणि आम्ही तरी काय वेगळं केलं होतं? आईने ताक घातलं तेव्हा तिच्याकडे कशावरूनचं उत्तर नव्हतं, आणि आम्ही ताक बंद केलं तेव्हा आमच्याकडेही नव्हतं. आम्ही फक्त संस्कृत शब्द वापरला होता.

तीन वर्षांपूर्वी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, गच्चीत कढीपत्त्याच्या चार कुंड्या मांडल्या. एकच माती, एकाच रोपवाटिकेतली रोपं. दोघांना आठवड्याला पेलाभर खिळ्याचं ताक, दोघांना नुसतं पाणी. मार्चमध्ये चारही पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या: मातीतलं लोह न मिळाल्याची खूण. सोलापूरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत ही अडचण नाही. आईच्या माहेरी ताक का घालत नसत त्याचं कारण बहुधा हेच. मेपर्यंत ताकाच्या कुंड्या किंचित उजव्या वाटल्या. घरात आनंदीआनंद. जूनमध्ये पाऊस आला आणि पंधरा दिवसांत चारही हिरव्यागार झाल्या.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या सोसायटीला पाणी बोअरचं. बादलीत पांढरा थर धरतो इतकं क्षारांचं. दुसऱ्या वर्षी पावसाचं पाणी पिंपात साठवलं आणि दोन कुंड्यांना तेच दिलं, दोघांना बोअरचं. ताक कुणालाच नाही. उन्हाळ्यात बोअरच्या कुंड्या पिवळ्या, पावसाच्या पाण्याच्या हिरव्या. म्हणजे ताक काहीच करत नाही? तसंही नाही म्हणता येत, कारण बोअरचं पाणी अधिक ताक ही जोडी आम्ही त्या वर्षी ठेवलीच नव्हती. आणि सोलापूरचं आईचं पाणी विहिरीचं, तेही जडच होतं.

मधल्या काळात एका हितचिंतकांनी सर्व कुंड्यांत चुलीची राख घालायला सांगितली. राख अल्कधर्मी आणि ताक आम्ल. दोन्ही एकदम घालणं म्हणजे एका हाताने लिहून दुसऱ्याने पुसणं. नम्रपणे नाही म्हणालो.

यंदा सहा कुंड्या आहेत. दोन बोअरच्या पाण्यावर, दोन बोअर आणि साध्या ताकावर, दोन बोअर आणि खिळ्याच्या ताकावर. पेला मोजून, तारखा वहीत. कोणत्या कुंडीत काय जातं ते नातीला ठाऊक आहे. पानांचा रंग आम्ही लिहितो आणि आम्हाला ते मेअखेरपर्यंत कळायचं नाही, असं तिने बजावलं आहे. वही पुढच्या व्याख्यानाला घेऊन येतो. आता प्रश्न घेऊ.