न्यायालयाचा निकाल आणि शाळेचे दार

वर्णावरून सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी एकमताने दिला. परंतु न्यायालयापाशी ना फौज असते, ना तिजोरी. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी हायस्कूलच्या दाराशी आले, तेव्हा गव्हर्नर फॉबस यांनी राज्याचे सैनिक उभे करून त्यांना अडविले. राज्यांना स्वतःचे अधिकार आहेत खरे. पण घटना त्यांच्याही वर आहे. अखेर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी केंद्राचे सैन्य धाडले आणि २५ सप्टेंबरला मुले वर्गात बसली. त्यांतील अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये तेथूनच उत्तीर्ण झाला.

विद्यार्थी मित्रहो, घटनेतील हक्क वर्गापर्यंत पोहोचण्यास न्यायालय हवे, शासन हवे आणि दाराशी जाऊन उभा राहणारा विद्यार्थीही हवा.